छातीचा आवाज ऐकणारी नळी

इयत्ता सहावी व सातवीस सामान्य विज्ञान आणि आरोग्य हे विषय शिकविणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी पाठटिपण

१. पाठाचा हेतू

डॉक्टरांच्या गळ्यात रुळणारी नळी आपल्या शाळांतील पहिलीच्या मुलासही परिचित असते. डॉक्टरांचे चित्र काढावयास सांगितले तर मूल प्रथम ती नळीच काढते. तथापि त्या नळीतून काय ऐकू येते आणि ते ऐकून डॉक्टरांस काय उमगते, असे विचारले असता वरच्या वर्गातील विद्यार्थीही बहुधा गप्प राहतात. कित्येकांची तर अशी समजूत असते की, नळी छातीस लावली म्हणजे अर्धा आजार बरा होतो.

ही समजूत दूर करणे हा या पाठाचा पहिला हेतू होय. स्टेथॉस्कोप रोग बरा करीत नाही व रोगाचे नावही सांगत नाही. छातीतील मंद आवाज तो कानापर्यंत आणून देतो, इतकेच त्याचे कार्य. त्या आवाजाचा अर्थ लावणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, आणि त्यास शांतता लागते. शाळेत आरोग्यतपासणीचे पथक येते त्या दिवशी ही शांतता राखणे शिक्षकाच्या हाती असते. म्हणून प्रस्तुत पाठ विद्यार्थ्यांइतकाच आपल्यासाठीही आहे.

नावाविषयी प्रारंभीच एक खुलासा करावा. ग्रीक भाषेत ‘स्टेथॉस’ म्हणजे छाती व ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. यावरून स्टेथॉस्कोप हे नाव पडले. मराठीत ‘श्रवणयंत्र’ हा शब्द आता कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीच्या कानातील यंत्रास रूढ झाला आहे. सबब फळ्यावर ‘स्टेथॉस्कोप’ असेच लिहावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

२. नळीपूर्वीचा काळ

रोग ओळखण्यासाठी कानाचा उपयोग करणे ही फार जुनी गोष्ट आहे. सुश्रुतसंहितेत रोग जाणण्याचे सहा मार्ग सांगितले आहेत; पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा मार्ग रोग्यास प्रश्न विचारणे. त्या पाचांत कानही आला. प्राचीन ग्रीसमधील वैद्य रोग्याच्या छातीस प्रत्यक्ष कान लावून ऐकत असत.

अठराव्या शतकात ऑस्ट्रियातील लेओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टराने छातीवर बोटांनी ठोकून आवाज पाहण्याची पद्धती १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. त्याचे वडील खानावळ चालवीत. पिंपात दारू किती उरली आहे हे पिंपावर ठोकून ओळखतात, ही रीत त्यास बालपणापासून ठाऊक होती. आपल्या मुलांस हे समजावून सांगणे अवघड नाही. बाजारात मडके घेताना आई ते वाजवून पाहते. पाण्याच्या टाकीवर टिचकी मारली की पाणी कोठवर आहे ते कळते. पोकळ भाग घुमतो, भरलेला भाग बद्द वाजतो. फुप्फुसात हवा असते म्हणून निरोगी छाती घुमते; तेथे पाणी साचले तर आवाज बद्द येतो. या पद्धतीकडे प्रथम फारसे कोणी लक्ष दिले नाही. पॅरिसमधील नामांकित डॉक्टर कोर्व्हिझार यांनी १८०८ साली त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा तिचा प्रसार झाला. या कोर्व्हिझार यांचाच रने लाएनेक हा विद्यार्थी होय.

३. कागदाच्या दस्त्याची नळी

लाएनेक याचा जन्म १७८१ साली फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात झाला. १८१६ साली तो पॅरिसमधील नेकर रुग्णालयात काम करीत होता. त्या वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्याजकडे आली. तिचे शरीर स्थूल असल्याने ठोकून काही कळेना, आणि परक्या तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणे शिष्टसंमत नव्हते. अशा पेचात त्यास ध्वनीविषयीची एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकास टाचणीने खरवडले असता दुसऱ्या टोकास कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याने कागदाचा दस्ता घट्ट गुंडाळून नळी केली, तिचे एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवले व दुसऱ्यास आपला कान लावला. प्रत्यक्ष कान लावूनही कधी आले नव्हते इतके हृदयाचे ठोके त्यास स्पष्ट ऐकू आले.

गोष्ट येथे संपविली तर पाठ अपुरा राहील. पुढील तीन वर्षे लाएनेकने जे केले ते विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. त्याने निरनिराळ्या पदार्थांच्या नळ्या करून पाहिल्या आणि सुमारे एक फूट लांबीची लाकडी नळी पसंत केली. रुग्णालयातील रोग्यांच्या छाती ऐकून प्रत्येक आवाजाची त्याने नोंद ठेवली. त्यांपैकी जे दगावत त्यांच्या शवविच्छेदनात फुप्फुसाची व हृदयाची स्थिती पाहून ती नोंदीशी ताडून घेतली. असा आवाज असेल तर आत असा बिघाड असतो, हा संबंध या परिश्रमाने सिद्ध झाला. आवाजांस त्याने नावेही दिली. एका विशिष्ट विकारात रोगी बोलू लागला की नळीतून शेळीच्या ओरडण्यासारखा कापरा स्वर येतो, म्हणून त्याचे नाव त्याने शेळीवरून ठेवले. १८१९ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्षयाचे जंतू १८८२ साली व क्ष-किरण १८९५ साली सापडले; म्हणजे जिवंत माणसाच्या छातीत काय चालले आहे हे जाणण्याचे साधन त्यापूर्वी कितीतरी वर्षे या लाकडी नळीने दिले होते. ज्या क्षयाचे आवाज त्याने जगास ओळखावयास शिकविले, त्याच क्षयाने १८२६ साली वयाच्या ४५ व्या वर्षी लाएनेकचा अंत झाला.

४. संकोच आणि उपचार

लाएनेकच्या पुढे जी अडचण उभी राहिली ती संकोचाची होती. आपल्या समाजात हीच अडचण अधिक तीव्र होती; पुरुष डॉक्टरापुढे आजार सांगावयास स्त्रिया धजत नसत आणि त्यामुळे कित्येक आजार अंगावरच निघत. कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी हे दुःख जवळून जाणले होते. त्यांचे पहिले मूल अवघे दहा दिवस जगले. हिंदुस्थानातील स्त्रियांस स्त्री डॉक्टरांची गरज आहे, असे १८८३ साली जाहीर सभेत सांगून त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाचे काम त्यांच्यासाठी ठरले होते. परंतु ते हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांस बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

हा इतिहास आपल्या वर्गापासून दूर नाही. तपासणीच्या दिवशी सातवीतील मुलगी पदर किंवा ओढणी आवळून रांगेच्या शेवटी उभी राहते, किंवा त्या दिवशी शाळेतच येत नाही. तिला रागे भरून उपयोग नाही. तिच्यासाठी आडोशाची खोली व सोबत शिक्षिका, एवढी व्यवस्था केली की ती निर्धास्त होते.

५. नळीत झालेल्या सुधारणा

लाकडी नळी एकाच कानास लावावी लागे. डब्लिनचे आर्थर लिअरेड यांनी १८५१ साली दोन्ही कानांची नळी दाखविली व पुढील वर्षी न्यूयॉर्कचे जॉर्ज कॅमन यांनी ती वापरण्यास सोयीची केली. छातीवर टेकावयाच्या भागाचे दोन प्रकार आहेत. एक उथळ वाटीसारखा, दुसरा ताणलेल्या पातळ पडद्याचा. १९२६ साली अमेरिकेतील हॉवर्ड स्प्रेग यांनी हे दोन्ही एकत्र जोडले. १९६० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिड लिटमन यांनी हलका व आटोपशीर स्टेथॉस्कोप तयार केला. आजचे स्टेथॉस्कोप बहुतांशी त्याच वळणाचे आहेत.

रक्तदाब मोजतानाही हीच नळी लागते. दंडावर पट्टा आवळून व सैल करून कोपराच्या आतील बाजूस रक्तवाहिनीचा आवाज ऐकण्याची ही रीत रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. घरी आजी-आजोबांचा रक्तदाब मोजताना मुलांनी हे पाहिलेले असते. त्याचा उल्लेख अवश्य करावा.

६. आवाज कानापर्यंत कसा येतो

मोकळ्या हवेत आवाज चोहोंकडे पसरतो व जसजसे दूर जावे तसतसा क्षीण होतो. नळीत त्यास पसरावयास जागा नसते. तो नळीतील हवेतून पुढेच जातो. ठिबक सिंचनाच्या नळीतून थेंबभर पाणी वाटेत न जिरता थेट झाडाच्या मुळाशी पोहोचते, हा दाखला केळीच्या बागांत वावरलेल्या मुलांस चटकन पटतो.

छातीचा आवाज पडद्यास हलवितो, पडद्याच्या कंपनाने नळीतील हवा हलते आणि ते कंपन कानाच्या पडद्यापर्यंत जाते. ताणलेल्या पडद्याचा भाग घट्ट दाबून ठेवला की बारीक, उंच स्वर चांगले ऐकू येतात. वाटीचा भाग अलगद टेकविला की खर्जातील, जाड स्वर ऐकू येतात. वाटी जोराने दाबली तर खालची कातडीच ताणून पडद्यासारखी होते व जाड स्वर हरपतात. डॉक्टर तो भाग फिरवून कधी एक बाजू, कधी दुसरी बाजू लावतात, त्याचे कारण हे आहे. कानात घालावयाची टोके किंचित पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली असतात. कारण आपल्या कानाची वाटही तशीच आहे.

७. कोणता आवाज, कशाचा आवाज

हृदयाचे ठोके ‘लब्-डप्, लब्-डप्’ असे ऐकू येतात. हा आवाज हृदयाच्या झडपा मिटण्याचा असतो. झडप म्हणजे काय, हे आपल्या भागातील शेतकऱ्याच्या मुलास विहिरीवरील पंपाने समजावून द्यावे. पंपाच्या नळास विहिरीत खाली फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, परत खाली येऊ देत नाही. हृदयातही अशा चार झडपा असतात. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत रक्त आले की मधल्या दोन झडपा मिटतात, तो ‘लब्’. खालच्या कप्प्यांतून रक्त बाहेर ढकलले गेले की पुढच्या दोन मिटतात, तो ‘डप्’.

फूटव्हॉल्व्ह गळू लागला तर पाणी परत विहिरीत उतरते व पंपास पाणी चढत नाही. तद्वत हृदयाची झडप नीट मिटली नाही किंवा नीट उघडली नाही, तर दोन ठोक्यांच्या मध्ये फुसफुसल्यासारखा जादा आवाज येतो. हृदयाच्या पडद्यात जन्मतः छिद्र असेल तरीही असा आवाज येऊ शकतो. मात्र अनेक निरोगी मुलांतही असा सौम्य आवाज आढळतो व त्यापासून काही अपाय नसतो. आवाज ऐकू आला म्हणजे रोग ठरला, असे नव्हे. पुढील तपासणीची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘इको’ नावाच्या तपासणीत हृदयाचे चलनवलन प्रत्यक्ष दिसते आणि तीवरून निर्णय होतो.

फुप्फुसाचा आवाज वेगळा. निरोगी फुप्फुसात वाऱ्याच्या मंद झुळुकेसारखा आवाज असतो. दमा असेल तर शिट्टीसारखा स्वर येतो. फुप्फुसाच्या दाहात, कानाजवळ केसांची बट बोटांत चोळावी तसा बारीक तडतडाट ऐकू येतो.

८. शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावयाची गोष्ट

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत एक आजार असा आहे की, त्याची पहिली खूण शिक्षकाच्या दृष्टीस पडण्याचा संभव असतो. एका विशिष्ट जंतूमुळे मुलाचा घसा सुजतो व बरा होतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांस ताप येतो आणि सांधे दुखतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर, असे दुखणे हिंडते. यास संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे पूर्ववत होतात. परंतु हृदयाच्या झडपांस कायमची इजा होऊ शकते. पुढे ते मूल कवायतीत मागे पडते, दोन जिने चढून बसते, खेळावयास नको म्हणते. त्यास आळशी म्हणून उठाबशा काढावयास लावणे हा केवढा अन्याय होईल याचा विचार करावा. वेळीच ओळख पटली तर ठराविक दिवसांनी, बहुधा दर तीन आठवड्यांनी, पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे देऊन झडपांची पुढील हानी टाळता येते. ही ओळख पटविण्याचा प्रारंभ त्या नळीपासूनच होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याच्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते. जन्मजात हृदयदोष व संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार हे दोन्ही या तपासणीच्या यादीत आहेत, आणि पुढील उपचार, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य होण्याची तरतूद आहे.

शाळाभेटीत असे दृश्य अनेकदा दिसते की, व्हरांड्यात तपासणी चालली आहे, शेजारच्या वर्गात पाढ्यांचा घोष होत आहे, आणि पलीकडे पोषण आहाराची भांडी घासली जात आहेत. डॉक्टर नळी लावतात, थांबतात, पुन्हा लावतात. दोन ठोक्यांमधील तो फुसफुसणारा आवाज अशा गोंगाटात हरपला, तर मुलाच्या पत्रकावर ‘सर्वसाधारण’ असा शेरा पडतो आणि एक वर्ष वाया जाते. यास्तव पुढील गोष्टींची दक्षता घ्यावी.

पहिली गोष्ट जागेची. तपासणीसाठी रस्त्यापासून व स्वयंपाकाच्या जागेपासून दूरची खोली द्यावी. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराची खोली टाळावी. तेवढा वेळ शेजारच्या वर्गांस लेखनाचे किंवा चित्रकलेचे काम द्यावे, घंटा हळू वाजवावी आणि ध्वनिक्षेपक बंद ठेवावा.

दुसरी गोष्ट हजेरीची. सातपुड्याच्या पायथ्याकडील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी परमुलखात जातात. वर्षातून एकदा येणारी तपासणी त्यांच्या मुलांची चुकली तर चुकलीच. पथकाची तारीख कळताच पालकांस निरोप द्यावा. गैरहजर मुलांची यादी पथकाकडे देऊन पुन्हा तपासणीची विनंती करावी.

तिसरी गोष्ट माहितीची. पथकास अमुक मूल लवकर दमते, अमुक मुलाचे सांधे दुखतात, अमुक मुलाचे ओठ खेळताना निळसर होतात, हे आपण होऊन सांगावे. डॉक्टर मुलास काही मिनिटे पाहतात, आपण वर्षभर पाहतो.

चौथी गोष्ट पाठपुराव्याची. पुढील तपासणीची चिठ्ठी मुलाच्या दप्तरात घालून काम भागत नाही. पालकांस बोलावून ती हाती द्यावी, त्यांच्या बोलीत समजावून सांगावी, आणि दवाखान्यात जाऊन आले किंवा कसे हे पंधरा दिवसांनी विचारावे. ‘हृदयाला भोक आहे’ असे शब्द शिक्षकाने उच्चारू नयेत. निदान हे डॉक्टरांचे काम आहे. तसेच मुलाच्या आजाराची चर्चा वर्गापुढे करू नये. लेकरास टोपणनाव चिकटावयास वेळ लागत नाही.

९. वर्गात करावयाचे प्रयोग

प्रयोग पहिला : एका विद्यार्थ्याने लांब बाकाच्या टोकास कान लावावा. दुसऱ्याने दुसऱ्या टोकास टाचणीने हळूच खरवडावे. मग कान उचलून तोच आवाज हवेतून ऐकावा. दोहोंतील अंतर मुलांनीच सांगावे.

प्रयोग दुसरा : जाड कागदाची एक फूट लांबीची नळी करून सोबत्याच्या छातीवर डावीकडे टेकवावी व ऐकावे. मुलांनी मुलांचे व मुलींनी मुलींचे ठोके ऐकावेत.

प्रयोग तिसरा : ठिबकच्या कोऱ्या नळीचा दोन फूट तुकडा घ्यावा, वापरलेल्या नळीतून खते गेलेली असतात, ती घेऊ नये. एका टोकास लहान नरसाळे बसवावे व त्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधावे. दुसरे टोक कानाशी धरावे, कानात खुपसू नये. नळीत कोणी ओरडू नये, याची सक्त ताकीद द्यावी. प्रथम वर्ग शांत ठेवून व नंतर सर्वांस बोलावयास सांगून ठोके ऐकावेत. शांततेचे महत्त्व मुलांस शब्दांवाचून कळते.

ऐकलेला आवाज कसा होता, हे मुलांस अहिराणीत, पावरीत, ज्यास जसे सुचेल तसे सांगू द्यावे व ते शब्द फळ्यावर लिहावेत. लाएनेकनेही आवाजास नाव देताना परिचित शेळीचाच आधार घेतला होता.

१०. स्वाध्याय

१) मिनिटास ७२ ठोके पडत असतील तर एका दिवसात किती ठोके पडतील? (उत्तर : १,०३,६८०)

२) आवाज हवेत सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. ६८ सेंटिमीटर लांबीची नळी ओलांडण्यास त्यास किती वेळ लागेल? (उत्तर : १/५०० सेकंद)

३) स्वस्थ बसून व मैदानास एक फेरी मारून आपले ठोके अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा व तक्ता तयार करा. ज्यांस डॉक्टरांनी धावण्यास मनाई केली आहे त्यांनी नोंदी लिहिण्याचे काम करावे.

४) फूटव्हॉल्व्ह व हृदयाची झडप यांतील साम्य आकृती काढून दाखवा.

५) आपल्या शाळेत तपासणीसाठी सर्वांत शांत खोली कोणती? दिवसाच्या निरनिराळ्या वेळी तेथे पाच-पाच मिनिटे बसून ऐकू येणाऱ्या आवाजांची यादी करा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे मुख्याध्यापकांनी जपून ठेवावीत. पुढील तपासणीच्या दिवशी पथकास कोणती खोली द्यावयाची, हे त्यांवरून ठरविता येईल.